सिंहगडला सगळ्या गेल्या आणि मी रूमवरच

(कॉलेजातल्या एका मुलीचं पत्र आलंय. लांब होतं, थोडं कापून देतेय. नाव आणि कॉलेज काढलंय, तिनेच तसं सांगितलं होतं.)

"ताई नमस्कार, मी औसा तालुक्यातली, पुण्यात बीसीएस सेकंड इयरला आहे. आम्ही तिघी एका रूममध्ये कॉट बेसिसवर राहतो. काल पहिल्यांदा स्क्रीन टाईम उघडून बघितला तर ७ तास ५२ मिनिटं, मलाच खोटं वाटलं. झोपायला रात्रीचे दोन-अडीच होतात, सकाळी आठचं लेक्चर बुडतं, या सेमला दोन विषय राहिलेत. मेसमध्ये आम्ही सहाजणी एकत्र बसतो पण प्रत्येकीचा फोन पाण्याच्या ग्लासला टेकवून उभा, काकू पोळी घेऊन तीनदा हाक मारतात तरी कुणाचं लक्ष नसतं. मागच्या रविवारी माझ्या दोन्ही रूममेट आणि वर्गातल्या तिघी सिंहगडला गेल्या, मला त्यांच्या स्टोरीवरून कळलं. दिवसभर मी रूमवरच होते. नंतर बघितलं तर ग्रुपवर शनिवारीच 'कोण कोण येतंय' असं टाकलेलं, मी ग्रुप म्यूट केला होता, १४० मेसेज न वाचलेले. मागे मी माझा एक फोटो टाकला होता, अकराच लाईक आले म्हणून दोन तासात काढून टाकला. आईचा रोज नऊला फोन येतो, ती बोलत असते आणि मी स्पीकरवर टाकून इन्स्टा बघत हो हो करते. परवा मी विचारलं, शेळी व्याली का गं, तर ती गप्पच झाली, मग म्हणाली, काल सांगितलं की, दोन पिल्लं झाली म्हणून, तू छान म्हणालीस. मला खूप रडू आलं. बाबा म्हणतात मोबाईलने वाया गेलीस, परत घेऊन येतो. इन्स्टा तीनदा डिलीट केलं, तीनदा परत घेतलं. मैत्रिणी आहेत पण बोलायला कुणी नाही. कधी कधी वाटतं मी गायब झाले तरी चार दिवस कुणाला कळणार नाही. काय करू?"

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. स्क्रीन टाईमचं नंतर बघू, आधी त्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलते. गायब झाले तरी कळणार नाही, हे तू नुसतं एकटं वाटतं म्हणून लिहिलंस की जीवच नकोसा झालाय, हे मला पत्रावरून ओळखता येत नाही, म्हणून सरळ विचारतेय. जगणं नको वाटत असेल, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येत असेल तर पुढचं काही वाचू नकोस, आधी रूममेटला उठवून सांग, रात्रीचे तीन वाजले असले तरी, आणि १४४१६ ला फोन लाव. टेली-मानस म्हणतात त्याला, सरकारी सेवा आहे, २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तसं काही नसेल, पण दोन आठवडे सलग उदास वाटतंय, जेवण जात नाही, पूर्वी आवडायचं तेही नकोसं झालंय, असं असेल तर कॉलेजच्या समुपदेशकांना भेट, नाहीतर डॉक्टरांना. कारण उदासपणा आधी आलेला असतो आणि त्यापायी माणूस फोनमध्ये डोकं घालून बसतो, असंही होतं, मग नुसता फोन कमी करून तो उदासपणा जात नाही. मोबाईलच्याच त्रासासाठी बंगळुरूच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मोठ्या सरकारी संस्थेत, २०१४ पासून वेगळं क्लिनिक आहे, म्हणजे हे घेऊन डॉक्टरांकडे जाणारी तू काही पहिली नाहीस आणि यात लाजण्यासारखंही काही नाही.

आता फोनचं.

७ तास ५२ मिनिटं हा आकडा बघून तू घाबरलीस, पण त्या आकड्यात सगळं एकत्र कालवलंय. तुमच्या नोट्स व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येतात, प्रोग्रॅमिंगचे व्हिडिओ तू यूट्यूबवर बघत असशील, मेसचे पैसे फोनवरून, बसचं बघायचं फोनवर, आईसुद्धा फोनवरच. हे सगळं त्यात आहे. तेव्हा तो आकडा अ‍ॅपप्रमाणे उघडून बघ, आणि मुख्य म्हणजे किती वाजता काय बघितलं ते बघ. मला वाटतं रात्री अकरा ते दोन आणि जेवणाच्या वेळा, इथेच खरं दुखणं सापडेल. दिवसाचे बाकीचे तास फारसे वाईट नसतील. एवढं कळलं तरी 'मी दिवसभर मोबाईलवर असते' हे जे स्वतःला ठोकत बसतेस ते थांबेल.

आणि हे वाया जाणं वगैरे. बाबांचा राग मला समजतो, पोरगी लांब आहे, विषय राहिलेत, त्यांना हातात धरता येईल अशी गोष्ट एकच दिसते, मोबाईल. पण तुझ्या वयाच्या मुलांच्या हातात फोन कसा आला हे आपण मोठी माणसं फार लवकर विसरलो. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, त्याआधी एक जीबी महिनाभर पुरवून पुरवून वापरायचो आपण, ते एकदम दिवसाला एक-दीड जीबीवर आलं. मग २०२० चं लॉकडाऊन, तू तेव्हा आठवी-नववीत असशील, शाळाच फोनवर आली, आणि घराघरात कर्ज काढून, कुठे शेळी विकून मुलांना फोन घेतले, मी स्वतः बघितलेत असे पालक. त्याच वर्षी जूनच्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैमध्ये इन्स्टाने इथे रील्स सुरू केले. म्हणजे चौदा वर्षांची मुलगी, शाळा बंद, मैत्रिणी बंद, घराबाहेर पडायचं नाही, आणि हातात हे. जी वर्षं मैत्रिणींशी भांडायची, रुसायची, परत बोलायची, ती वर्षं तुमची त्या चौकटीत गेली. त्यात तुझी काय चूक? चार माणसांत बसून सुरुवात कशी करायची हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं शिकायचंच राहिलंय, आणि ते अजूनही शिकता येतं, वीस म्हणजे काही वय नाही.

अजून एक छोटी गोष्ट सांगते, कुणी फारसं बोलत नाही त्यावर. तो रोजचा डेटा रात्री बाराला संपतो ना, उरला तर वाया. माझ्या वर्गातली मुलं म्हणायची, मॅडम अकरा वाजता बघतो तर एक जीबी शिल्लक, मग संपवायचा. ताटात टाकू नये म्हणून जास्तीचं जेवावं तसं झालं हे. तुझं असं होत असेल तर उरलेला डेटा खुशाल वाया जाऊ दे गं, आपले पैसे झोपेपेक्षा मोठे नाहीत.

इन्स्टा तीनदा डिलीट करून परत घेतलंस म्हणून तू स्वतःला कमजोर समजत असशील. पूर्वी वेबसाईटवर पान संपलं की खाली 'पुढचं पान' असं असायचं, तिथे हात थांबायचा, डोक्यात यायचं की बास आता. २००६ मध्ये आझा रास्किन नावाच्या डिझायनरने ते पान संपणंच काढून टाकलं, खाली सरकवत राहा, येतच राहतं, आणि पुढे त्यानेच जाहीरपणे सांगितलं की त्याला याचा पश्चात्ताप होतो. त्यात परत प्रत्येक रील चांगलं नसतं, सात-आठ टुकार आणि मग एक असं की पोट धरून हसू येतं. सगळीच चांगली असती तर तू लवकर कंटाळली असतीस, पण पुढचं चांगलं निघेल या आशेने अंगठा चालू राहतो. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर हेच बघितलं होतं, दाणा कधी मिळेल हे नक्की नसलं की कबुतर जास्त वेळ चोच मारत बसतं. तेव्हा रात्री दोन वाजता, दमलेली असताना, नुसत्या मनाच्या जोरावर तू हे थांबवशील अशी अपेक्षाच चुकीची आहे, ते कुणालाच जमत नाही.

पण तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. मैत्रिणी आहेत पण बोलायला कुणी नाही.

मी हॉस्टेलला राहिले तेव्हा मोबाईल नव्हते. पहिलं वर्ष मी रडत काढलं, अगदी रोज, तेव्हा एकटेपणा मोबाईलने आणला असं मी म्हणणार नाही. पण एक फरक होता. संध्याकाळी सातनंतर रूममध्ये करायला काही नसायचं. पुस्तक वाचून डोळे दुखायचे, भिंतीकडे तरी किती बघणार, मग नाईलाजाने उठून शेजारच्या खोलीत जायचे, तिथे कुणीतरी केसाला तेल लावत बसलेली असायची, ती म्हणायची बस. रविवारी रात्री एसटीडी बूथवर, म्हणजे बाहेरगावी फोन लावायच्या दुकानावर, रांग असायची, उशिरा दर कमी व्हायचा म्हणून सगळ्या तेव्हाच यायच्या, त्या रांगेत माझी पहिली मैत्रीण झाली, सोलापूरची, अजून आहे. मला कुणी मैत्री करायला शिकवलं नव्हतं, कंटाळाच इतका यायचा की तो उठवून बाहेर ढकलायचा.

तुला तो कंटाळा येतच नाही गं. एकटं वाटायला लागलं की दहा सेकंदात हातात फोन, आणि ते वाटणं थोडं बोथट होतं, संपत नाही, फक्त उठून कुणाकडे जावं इतकं टोचत नाही. आपण जेवायला उशीर होणार असला की चहा मारतो ना, भूक मरते, तसं चाललंय. दिवसभर चहावर राहिलेल्या माणसाला भूक लागत नाही आणि अंगात त्राणही नसतं, आणि तुझ्या पत्रातला थकवा मला अगदी तसला वाटला.

सिंहगडचंच घे. ग्रुपवर त्यांनी विचारलं होतं, तू म्यूट केला होतास, म्हणून त्यांनी डावललं असं नाही म्हणता येणार. पण मला त्या दोघींचंही नवल वाटतं, एका खोलीत झोपणाऱ्या मुली, शनिवारी रात्री हातभर अंतरावरच्या कॉटवर तू होतीस, आणि 'येतेस का' हे तोंडाने नाही विचारलं. त्यांना वाटलं असेल हिने मेसेज बघितला आणि उत्तर दिलं नाही, म्हणजे हिला यायचं नाही. तुला वाटलं ह्यांना मी नको. दोन्हीकडून दुखावलेल्या, आणि मध्ये १४० मेसेज. तर आता तूच तोंडाने बोल. त्यांना सांग, मी ग्रुप बघितला नव्हता, मला यायचं होतं, फोटो बघून वाईट वाटलं. एवढंच. आवाज कापेल, कापू दे. आणि पुढच्या वेळी मला हाताला धरून उठवा असंही सांग. त्या गडबडतील, सॉरी म्हणतील, कदाचित एखादी नुसतं 'अरे हो का' म्हणून सोडून देईल, ते थोडं लागेल, पण पुढच्या रविवारी तूच काढ विषय, स्वारगेटवरून पायथ्यापर्यंत बस जाते, वर मडक्यातलं दही आणि पिठलं-भाकरी, फार खर्च नाही. दोघीच निघाल्या तरी जा.

मेसचं मात्र तू एकटीने करू नकोस. एकटीने फोन खिशात ठेवलास तर पाचजणी आपापल्या फोनमध्ये आणि तू त्यांच्या तोंडाकडे बघत बसशील, दोन दिवसात परत काढशील. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तिथे ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास अख्खं गाव टीव्ही-मोबाईल बंद ठेवतं, साडेआठला परत भोंगा, मग चालू. तिथल्या पोरांना शेजारच्या गावातल्या पोरांपेक्षा जास्त मनोनिग्रह आहे असं काही नाही, सगळ्यांचे एकदमच बंद, म्हणून जमतं. तुमच्या टेबलाचाही तसा भोंगा पाहिजे. सहाजणींना सांग की फक्त रात्रीचं जेवण, वीस मिनिटं, फोन टेबलाच्या मधोमध उलटे ठेवायचे, आणि काकूंना सांगून ठेव, कुणी उचलला तर पोळी द्यायची नाही, काकू आनंदाने करतील हे काम. पहिले दोन-तीन दिवस शांतताच असेल, काय बोलावं सुचणार नाही, भाजीवर बोला, सरांवर बोला, चालतं. सहाजणी तयार नाही झाल्या तर एकीला पकड. एक पुरते.

रात्रीचं. तिघींचे चार्जर एकाच एक्स्टेंशन बोर्डला असतील आणि तो बोर्ड कुणाच्या तरी उशाशी असेल, कॉट बेसिसच्या खोल्या मी बघितल्यात. तो बोर्ड दाराजवळ ने. रूममेट तयार झाल्या तर तिघींचे फोन तिथेच, नाही तर निदान तुझा. अलार्मसाठी फोन उशाशी लागतो हे कारण मला सांगू नकोस, दोन-अडीचशे रुपयात गजराचं घड्याळ मिळतं, घे. रात्री अंथरुणातून उठून दारापर्यंत जायचा कंटाळा येईल आणि इथे तो कंटाळा तुझ्या कामाला येईल. पहिले चार-पाच दिवस झोप लागणार नाही, हात उशीखाली चाचपडेल, फोन वाजल्यासारखं वाटेल आणि वाजलेला नसेल, हे पुष्कळांना होतं, घाबरायचं नाही. आठच्या लेक्चरला पोचायला लागलीस की राहिलेल्या दोन विषयांचं अर्ध काम झालंच म्हणून समज, कारण वर्गात बसलं की शेजारी कुणीतरी असतं, तिच्याकडे वही मागता येते.

इन्स्टा चौथ्यांदा डिलीट करू नकोस. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता, त्यातल्या अर्ध्यांना फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला दहाच मिनिटं, असं तीन आठवडे. त्या मुलांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली, जी आधी जास्त उदास होती त्यांना फरक जास्त. पूर्ण बंद कुणी केलं नव्हतं हे लक्षात घे. आणि मला त्यातलं आवडलं ते असं की ज्यांना काहीच मर्यादा नव्हती, पण आपण किती वापरतो ते रोज बघून पाठवावं लागत होतं, त्यांचीही धास्ती आणि आपलं काहीतरी सुटतंय ही भीती कमी झाली. एकाच कॉलेजातली मुलं होती, तीनच आठवडे होते, त्यामुळे ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही, पण तुला करून बघायला काही हरकत नाही. फोनमध्ये अ‍ॅपची वेळ बांधून घेता येते, तू आधी अर्ध्या तासाची बांध, दहा मिनिटं एकदम झेपणार नाहीत. आणि रोज रात्री घड्याळ लावलं की वहीच्या मागच्या पानावर त्या दिवसाचा आकडा लिही, वाढला तरी लिही.

त्या फोटोबद्दल. अकरा जणांनी तुझा फोटो बघून अंगठा थांबवला, तुला त्यातलं एकही नाव आठवत नसेल, आकडाच आठवतोय. लाईकचा आकडा लपवायची सोय इन्स्टात आहे, सेटिंगमध्ये जाऊन लपव. आणि दुसऱ्यांच्या स्टोऱ्या बघून आपली खोली, आपले कपडे, आपलं इंग्रजी तोलायचं जे होतं ना, त्यावर माझ्याकडे जादूची कांडी नाही, पण ज्या अकाऊंटवरून उठलं की नेहमी स्वतःचीच लाज वाटते ती अनफॉलो कर, मैत्रिणीचं असेल तर म्यूट कर, तिला कळतही नाही.

बाबांना काय सांगायचं ते मी सांगते. 'फोन सोडला' असं खोटं बोलू नकोस, ते बीसीएसच्या मुलीला शक्य नाही आणि त्यांनाही ते माहीत आहे. हे दोन विषय राहिलेत, हा त्यांचा अभ्यास मी या वेळेला करणार आहे, फोन रात्री दाराजवळ असतो, एवढं सांग, आणि घड्याळाचा फोटो पाठव. परत नेण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, बाबा हे वाचत असतील तर त्यांच्यासाठीही, मुलीला गावी नेऊन हे सुटत नाही, तिथेही फोन हाच असेल आणि मैत्रिणी त्याहून लांब असतील. पोरीने स्वतःहून मदत मागितलीय, वाया गेलेली पोरं असं करत नाहीत.

राहिली आई. नऊला फोन आला की स्पीकर नको. फोन कानाला लाव आणि गॅलरीत जा, कानाला लावलेल्या फोनवर इन्स्टा दिसत नाही. पाचच मिनिटं बोललीस तरी चालेल. तुझं ऐकणं झालं नव्हतं ही चूक तू पत्रात मला सांगितलीस, ती तिला सांग, रडू आलं होतं हेही सांग. आणि मग विचार तिला, दोन्ही पाटी आहेत का बोकडं, दूध पितायत का नीट, शेळी अंगावरून हात फिरवू देते का. तिला आज पुन्हा पहिल्यापासून सांगावंसं वाटेल.